दाबाचं पाणी

रेडीच्या खाणीवर नोकरीला होतो असं सांगितलं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. त्याच्या डोळ्यांसमोर सुरुंग येतात, डोंगर कापणारी यंत्रं येतात, बंदरात खनिज भरून घेणारी बार्जं येतात. मग तो विचारतो, तुम्ही तिथे काय करायचात? मी सांगतो, जीपगाड्या धुवायचो. की तो परत मागे टेकतो.

निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, तरी या टेकण्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा असं संपादकांनी कळवलं तेव्हा पहिल्यांदा तोच वर आला. गाडी धुणं हे काम आहे, ते चुकू शकतं आणि चुकलं तर माणसाचं नुकसान होतं, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. ऐकलं कुणीच नाही. एका दिवशी तर मी स्वतःसुद्धा ऐकलं नाही. तीच हकिगत लिहितो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. खाणीवर गाड्या पुरवणाऱ्या एका ठेकेदाराचं गॅरेज होतं. त्याच्याकडे आठ जीपगाड्या होत्या, सगळ्या चारही चाकांना जोर लागणाऱ्या, कारण खाणीतल्या उतारांवर दुसरी गाडी चढायचीच नाही. मी मेकॅनिक म्हणून लागलो आणि वर्षभरात धुण्याच्या रॅम्पवर जाऊन पडलो. रॅम्प म्हणजे सिमेंटचे दोन उंच कट्टे. त्यावर गाडी चढवायची आणि खाली मधल्या खड्ड्यात उभं राहून तिचं पोट धुवायचं. माझ्याबरोबर रुझार होता. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा, अंगाने सडपातळ, बोलायला कमी. त्याची बायको सेसिल गावातल्या शाळेत शिक्षिका. तिला सगळे सेसिलबाय म्हणत, मीही म्हणायचो.

खाणीतली माती साधी नसते. तिच्यात लोखंड असतं, त्यामुळे ती जड. पावसात ती जीपच्या चेसिसमध्ये, स्प्रिंगांच्या पात्यांमध्ये, चाकांच्या आतल्या बाजूला जाऊन बसते आणि वाळली की चिऱ्यासारखी घट्ट होते. बादलीने आणि फडक्याने ती निघत नाही. तिला दाबाचं पाणी लागतं. पण जे पाणी ती माती उपटून काढतं ते बाकीचंही उपटून काढतं. चाकाच्या बेअरिंगवर जवळून धार मारली तर पाणी सीलच्या आत शिरून ग्रीस धुऊन काढतं आणि महिन्याभरात चाक कुरकुरायला लागतं. रेडिएटरवर तिरकी धार मारली तर त्याची नाजूक पाती आडवी होतात आणि गाडी चढावर तापते. गरम इंजिनवर गार पाणी पडलं तर बीड तडकू शकतं. डिस्ट्रिब्यूटरमध्ये, म्हणजे जिथून चारी प्लगांना ठिणगी वाटली जाते त्या टोपणात, पाणी गेलं की गाडी जागची हलत नाही. म्हणून आधी इंजिन हाताला सोसेल इतकं निवू द्यायचं, चाकांना ओट, म्हणजे अडवायचे ठोकळे, लावायचे, टोपणावर आणि हवेच्या फिल्टरवर प्लॅस्टिक बांधायचं, हातभर अंतर राखून खालून सुरुवात करायची. धुऊन झालं की ग्रीस भरायचं. आणि सगळ्यात शेवटी गाडी सपाटीवर हळूहळू चालवत ब्रेकवर पाय ठेवून ब्रेक वाळवायचे, कारण भिजलेले ब्रेक लागत नाहीत.

एवढं सगळं ऐकून आमचे ड्रायव्हर हसायचे. त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "नुसता पाणीच तर आसा."

त्यांच्यात बाबी नावाचा एक ड्रायव्हर होता. गाडी उत्तम चालवायचा, स्वभावाने दिलदार, पण त्याने मला जितकं छळलं तितकं दुसऱ्या कुणी छळलं नाही. एकदा माझ्या रॅम्पवर चार गाड्या रांगेत होत्या. थांबायला नको म्हणून हा बाबी जीप घेऊन सरळ किनाऱ्यावर गेला आणि गुडघाभर लाटांत उभी करून धुवायला लागला. भरती लागली. चाकांखालची वाळू सरकली आणि जीप धुऱ्यापर्यंत बसली. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला आलेल्या पंचवीस माणसांनी दोर लावून ती बाहेर काढली. ओल्या कपड्यांनी माझ्यासमोर उभा राहून वर मलाच विचारतो की दर्यात पाण्याला काय तोटा आहे. खारं पाणी चेसिसमध्ये सहा महिन्यांत काय करतं हे मी त्याला पत्रा हाताने मोडून दाखवलं. त्याने मान हलवली. पुढच्या पावसाळ्यानंतर परत तेच.

बाहेरचे लोकही यायचे, ओळखीने. गावातले एक निवृत्त गृहस्थ हौसेने घेतलेली जुनी जीप दर महिन्याला घेऊन येत. इंजिन चालू ठेवूनच धुवा, म्हणजे आतली घाण आपोआप बाहेर पडते, हा त्यांचा सिद्धान्त. मी नाही म्हटलं की ते मला त्यांच्या नोकरीतल्या बढत्या सांगत. एकदा मी जेवायला गेलो असताना त्यांनी स्वतःच नळी धरली. परत आलो तेव्हा इंजिन बंद पडलं होतं आणि साहेब बॉनेटमधून निघणाऱ्या वाफेकडे बघत उभे होते. गाडी ओढून घरी न्यावी लागली. पुढच्या महिन्यात परत हजर, आणि परत तोच सिद्धान्त.

असं सगळं चाललेलं असताना आमच्याकडे नवीन मशीन आलं. मॅनेजर घाटावरचे होते, कामसू, पण प्रत्येक गोष्टीला उशीर का होतो एवढाच प्रश्न त्यांना पडायचा. एक जीप धुवायला दीड तास लागतो हे त्यांना पटत नव्हतं. त्यांनी मुंबईहून परदेशी बनावटीचं मशीन मागवलं. मोटर, पंप, जाड काळी नळी आणि पुढे बंदुकीसारखा घोडा असलेला लांब दांडा. त्यात साबणाचं पाणी ओढून घ्यायची वेगळी नळी होती. पहिल्या दिवशी मी दांडा धरला आणि घोडा दाबला, तेव्हा धार लागलेल्या जागी रॅम्पच्या सिमेंटचा पापुद्राच निघाला. जुना पंप त्याच्यापुढे पिचकारी होता.

मशीनबरोबर इंग्रजीत छापलेलं एक छोटं पुस्तक होतं. मी सातवीपर्यंत शिकलेला. मी ते सेसिलबायकडे नेलं. तिने दोन रविवार बसून त्यातल्या सूचना वहीच्या कागदावर मराठीत लिहून दिल्या. त्यातली एक सूचना वाचून मी थांबलो. धार माणसाच्या अंगावर कधीही रोखू नये. कातडीला बारीक भोक पडलं आणि ते किरकोळ वाटलं, तरी आत पाणी आणि घाण खोलवर गेलेली असते, लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात जावं. मी तिला विचारलं की हे बरोबर लिहिलंय ना, बारीक भोकाला शस्त्रक्रिया? तिने परत वाचून पाहिलं आणि म्हणाली, असंच आहे.

मी त्या सगळ्या सूचना पंपाच्या मागच्या भिंतीवर तांबड्या रंगाने लिहून काढल्या. इंजिन निवू द्या. अंतर राखा. ब्रेक वाळवा. नोझल साफ करताना पंप बंद करा. अंगावर धार नको, भोक पडल्यास ताबडतोब इस्पितळ. अक्षर काही देखणं नव्हतं, पण दहा हातांवरून वाचता यायचं. ड्रायव्हर यायचे, वाचायचे, हसायचे आणि गाडी लवकर दे म्हणायचे. तरी भिंत होती. मी त्यांना बोटाने दाखवू शकत होतो.

त्या वर्षी दसऱ्यानंतर खाण जोरात सुरू होणार होती. पावसाळ्यात खड्ड्यांमधलं पाणी उपसायच्या कामावर आठही जीपगाड्या राबल्या होत्या आणि मातीने इतक्या माखल्या होत्या की मूळ रंग ओळखू येत नव्हता. खंडेनवमीला गॅरेजमध्ये यंत्रांची आणि गाड्यांची पूजा असायची. मालक स्वतः येणार होते. मॅनेजरांनी आधी दोन दिवस सगळं गॅरेज चुन्याने रंगवून घेतलं. मी सकाळी कामावर आलो तर माझी भिंत पांढरीशुभ्र.

मी मॅनेजरांकडे गेलो. ते हिशेब तपासत नव्हते की कुणाशी बोलत नव्हते, नुसते पताका मोजत बसले होते. मी म्हटलं, सूचना पुसल्या गेल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, "पूजा झाली की परत लिहा. पाहुण्यांसमोर ते तांबडं काही बरं दिसत नाही." मी म्हटलं की धुण्याचं काम पूजेच्या आधी आहे, नंतर नाही. ते म्हणाले, तुम्हाला तर सगळं पाठच आहे ना? पाठ होतंच.

खंडेनवमीच्या दिवशी उजाडताच आम्ही रॅम्पवर होतो. आदल्या दिवशी वीज गेल्यामुळे पाचच गाड्या धुऊन झाल्या होत्या. त्यातल्या तीन मी आणि रुझारने धुतल्या होत्या. उरलेल्या दोन बाबीने, मी नको म्हणत असताना, आपणच उरकल्या होत्या. दहाला पूजा. अजून तीन गाड्या. रुझारने दांडा घेतला. घोडा दाबून धरून त्याचा हात भरून आला होता, म्हणून त्याने घोड्याला तारेचा वेढा घातला, म्हणजे घोडा दाबलेलाच राहील. हे मी पाहिलं. एरवी मी ती तार तोडून फेकली असती. त्या दिवशी मी तोंड दुसरीकडे फिरवलं, कारण वेळ नव्हता.

दोन गाड्या झाल्या. तिसरी रॅम्पवर चढवली आणि एवढ्यात मला दिसलं की बाबीने त्याच्या दोन्ही जीपगाड्यांची बॉनेटं उघडून आत परत बादलीने पाणी मारलं आहे आणि ते निथळतंय. डिस्ट्रिब्यूटरला प्लॅस्टिक बांधलंच नव्हतं. मी तिथूनच त्याच्यावर ओरडायला लागलो. तो म्हणाला की इंजिन आरशासारखं झालंय ते बघ आधी. मी म्हटलं आरसा बघायला गाडी लागत नाही, ती चालू करायला लागते. आमचं असं जुंपलेलं असताना मागून रुझारचा आवाज आला. धार थांबली होती. टाकीतली कच येऊन नोझल तुंबलं होतं.

"सदा, पंप बंद कर रे," तो म्हणाला.

पंपाचं बटण त्या पांढऱ्या भिंतीवर होतं, माझ्यापासून चार पावलांवर. मी "होय, होय" म्हटलं आणि बाबीशी भांडत राहिलो.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मिनिटसुद्धा नसेल. रुझार खड्ड्यातून वर आला, कट्ट्यावर बसला आणि बारीक तारेने नोझलचं तोंड कोरायला लागला. डाव्या हाताचं पहिलं बोट तोंडाशी होतं. कच निघाली. घोडा तर तारेने बांधलेलाच होता. आतलं सगळं अडलेलं पाणी एकदम सुटलं.

दांडा खाली पडून सापासारखा वळवळायला लागला तेव्हा मी धावत जाऊन बटण दाबलं. रुझार बोटाकडे बघत होता. शेंड्याच्या खाली, पहिल्या पेरावर, सुईने टोचावं तेवढं भोक. एक थेंब रक्त. तो म्हणाला, "काय नाय रे. मुंगी चावली तशी वाटली." आणि फडकं गुंडाळून परत दांडा उचलायला वाकला.

त्या क्षणी मला त्याचा जितका राग आला तितका आयुष्यात क्वचितच कुणाचा आला असेल. मी दांडा हिसकावून घेतला आणि त्याला दवाखान्यात नेलं. गावातले डॉक्टर भले होते. त्यांनी बोट दाबून पाहिलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली आणि दोन दिवस पाणी लावू नका म्हणाले. मी त्यांना पुस्तकातलं सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी विचारलं, कशाने लागलं? मी म्हटलं, पाण्याने. ते हसले. त्यांचा दोष नाही, अशी जखम त्यांनी आधी पाहिली नव्हती, मी तरी कुठे पाहिली होती.

गॅरेजवर परत येईपर्यंत बोट जाड झालं होतं. रंग पांढुरका, निर्जीव. रुझारच्या कपाळाला घाम होता. पूजेची तयारी बघायला आलेली सेसिलबाय फाटकाशीच भेटली. तिने पट्टी सोडायला लावली, बोट पाहिलं आणि एक क्षणही घालवला नाही.

"ही ओळ मीच लिवलेली आसा, सदाभाऊ," ती म्हणाली. "भोक बारीक दिसता, पण बोट आतून भरला. आताच्या आता जावक व्हया."

मी तिला ऑफिसातून ते इंग्रजी पुस्तक घ्यायला सांगितलं आणि मॅनेजरांकडे जीप मागितली. रॅम्पवरची अर्धवट धुतलेलीही आणून आठही जीपगाड्या ओळीत उभ्या केल्या होत्या, हळदकुंकू लावलेल्या, झेंडूच्या माळा घातलेल्या, पुढे केळीचे खुंट. मालक अर्ध्या तासात पोचणार होते. मॅनेजरांनी रुझारच्या बोटाकडे पाहिलं. त्यांनाही ते भोकच दिसलं. पूजा आटोपू दे, मग खुशाल न्या, असं ते म्हणाले. ओळीत एक जागा रिकामी दिसेल ही त्यांची अडचण होती.

मी सरळ सगळ्यात जवळच्या जीपमध्ये चढलो. ती बाबीने धुतलेली. स्टार्टर फिरतोय, फिरतोय, इंजिन काही लागत नाही. दुसरी घेतली, तीही त्याचीच. तेच. टोपण काढून पुसायला, वाळवायला दहा मिनिटं गेली असती. तिसरी मी धुतलेली होती, ती एका झटक्यात चालू झाली. बाबी तिथेच उभा होता. त्याचं तोंड उतरलं होतं. त्याने केळीचा खुंट उपटून बाजूला टाकला, रुझारला हाताला धरून वर चढवलं, पुस्तक घेऊन आलेली सेसिलबाय त्याच्याशेजारी बसली, आणि बाबी स्वतः मागच्या बाजूला उडी मारून बसला. मॅनेजर काहीतरी म्हणत होते. माळ घातलेली जीप फाटकाबाहेर पडली.

म्हापशाच्या इस्पितळात शस्त्रक्रिया होते हे सेसिलबायला ठाऊक होतं, तिचे नातेवाईक तिकडे होते. तेरेखोलच्या तरीवरून, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, पलीकडे गेलं की जवळ. रस्ता वर चढतो आणि मग खाडीकडे एकदम उतरतो. चढ संपेपर्यंत मी ब्रेकला पायच लावला नव्हता. उताराला लागलो, ब्रेक दाबला, सगळ्या जोराने दाबला, तरी जीप होती त्याच वेगाने पुढे.

ही जीप मी आदल्या दिवशी वीज जायच्या जरा आधी धुतली होती. आठही गाड्यांचे ब्रेक शेवटी एकदमच वाळवू असं म्हणून ठेवलं होतं. त्यातून सकाळी रॅम्पवरचं सगळं पाणी वाहत येऊन हिच्याच चाकांशी साचलं होतं. ते मी पाहिलंही होतं. खाली तरीचा धक्का दिसत होता, त्याच्यापुढे पाणी. धक्क्यावर माशांच्या टोपल्या घेऊन चार-पाच बायका बसलेल्या.

मी परत परत ब्रेक मारला, हँडब्रेक ओढला, दोन्ही नुसते घसरत होते. गियर खाली टाकला, इंजिन किंचाळलं, वेग थोडा पडला. बाबी मागून ओरडला, "डावीकडे घे, धडीक लाव!" धडी म्हणजे रस्ता कापताना राहिलेला चिऱ्याचा उभा काठ. मी डावीकडे घेतलं. जीपची बाजू काठावर घासत गेली, मडगार्ड दुमडलं, पुढचं चाक गटारात बसलं आणि आम्ही थांबलो. बायका टोपल्या टाकून उठल्या होत्या. बाबीने उतरून चाकाखाली दोन दगड सारले. त्याने एक शब्द उच्चारला नाही. मी त्याच्या जागी असतो तर दिवसभर बोललो असतो.

सेसिलबायने रुझारचा हात छातीशी धरून ठेवला होता, कुठे आपटू नये म्हणून. ती म्हणाली, "सदाभाऊ, भिंतीर ह्यांय लिवललां ना?"

मी होय म्हटलं. 'ब्रेक वाळवा' ही ओळ माझ्याच हाताची होती.

बाबीने आणि तरीवरच्या माणसांनी चाक गटारातून उचललं. मी जीप पुढे-मागे करत ब्रेक तापवले, वाफ निघाली, ब्रेक धरायला लागले. पलीकडे गेल्यावर गाडी बाबीने चालवली. शिवोलीला आणखी एक तर होती. ती पलीकडच्या काठाला लागलेली, आणि आम्ही अलीकडे तिची वाट बघत उभे. रुझार आता दात आवळून बसला होता. सूज बोटावरून मनगटापर्यंत आली होती. तेव्हा मी त्याला सांगायला हवं होतं की पंप मी बंद केला नव्हता. मी पाणी बघत राहिलो.

म्हापशाला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. तिथल्या सर्जनने बोट पाहिलं, मग सेसिलबायने उघडून पुढे धरलेलं पुस्तकाचं पान वाचलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, किती वाजता लागलं आणि पाण्यात काय होतं. मी सांगितलं, साबण आणि लोखंडाची माती. त्यांनी लगेच आत न्यायला सांगितलं. दीड तासाने बाहेर येऊन म्हणाले, "तळव्यापर्यंत चिखल होता. उद्या आला असता तर हात ठेवता आला नसता." बोट राहील का, असं सेसिलबायने विचारलं. ते म्हणाले, राहील, पण वाकेल असं सांगता येत नाही.

बोट राहिलं आणि वाकलं नाही. कायम ताठ, समोर रोखलेलं. रुझार कुणाशीही बोलायला लागला की ते बोट त्याच्यावर उगारल्यासारखं दिसायचं. नवखी माणसं चिडायची. एकदा एसटीत कंडक्टरशी त्यावरून भांडण झालं, तेव्हा बोट दाखवू नको म्हणणाऱ्या त्या कंडक्टरला सगळ्या गाडीने समजावलं. पण सकाळी शर्टाचं बटण लावताना तो बोटाशी झगडत असायचा आणि ते मला पाहवत नसे.

चौकशी झाली. जीपचं मडगार्ड, पूजेत पडलेला खंड आणि बोट, या क्रमाने. मॅनेजरांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि विचारलं की नोझल साफ करताना पंप चालू कसा राहिला, तो बंद करायचं काम कुणाचं होतं? मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होतो. आयुष्यभर प्रत्येकाला प्रत्येक चुकीबद्दल झापणारा माणूस मी, माझ्या तोंडातून शब्द निघेना. रुझार म्हणाला की दांडा माझ्या हातात होता, चूक माझी. मॅनेजरांनी ते लिहून घेतलं. भिंतीचा विषय कुणी काढला नाही.

त्यानंतर मी भिंत परत लिहिली. मॅनेजरांनी तांबडा रंग स्वतः आणून दिला, त्याबद्दल त्यांना नावं ठेवणार नाही. बाबीने बॉनेटमध्ये पाणी मारणं सोडलं. दर्यावर जाणं मात्र नाही सोडलं. घोड्याला तार बांधलेली दिसली की मी काम थांबवायचो, मग समोर मालक उभा असला तरी. रुझार ग्रीस भरायच्या कामावर गेला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. आम्ही रोज एकत्र जेवायचो. माझ्या डब्यातली सुकटीची चटणी त्याला आवडायची, ती मी रोज न्यायला लागलो. तो कारण विचारत नसे.

खरं सांगायला मला अठरा वर्षं लागली. तो तेव्हा घरीच असायचा, गुडघे धरले होते. मी नाताळात त्यांच्याकडे गेलो होतो. सेसिलबाय आत नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्याच, तळत होती. आम्ही दोघे पडवीत. मी सरळ सांगितलं की त्या दिवशी तू पंप बंद कर म्हणालास, मी होय म्हटलं आणि बंद केला नाही. आणि मॅनेजरांसमोर गप्प राहिलो.

रुझार ताठ बोटाने बशीतली नेवरी माझ्याकडे सारत म्हणाला, "पंप चालू आसा, ता माका आयकाक येत होता."

पंपाचा आवाज बंद झाल्याशिवाय नोझलला हात लावायचा नाही हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. त्याने ऐकलं होतं, तरी कोरायला घेतलं होतं. आणि हे अठरा वर्षं मनात ठेवून रोज माझी चटणी खाल्ली होती. मी त्याला विचारलं की मग हे आधी का सांगितलं नाहीस. तो म्हणाला, तू कधी विचारलंस?

सेसिलबाय आणखी नेवऱ्या घेऊन बाहेर आली तेव्हा आम्ही दोघे, दोन म्हातारे, चूक कुणाची यावरून एकमेकांवर हात उगारून भांडत होतो. तिने बशी मध्ये ठेवली आणि आधी खाऊन घ्या म्हणाली.